ॲक्शनपटाचा ट्रेलर : वार दिसतो, जखम दिसत नाही

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी ॲक्शनपटांच्या ट्रेलरवर तासभर बोलावं, हे काहींना गमतीचं वाटेल. वाटू द्या. चित्रपटांची परीक्षणं येतात, दिग्दर्शकांवर पुस्तकं निघतात. पण चित्रपट बघायला जायचं की नाही हे ज्या दोन-अडीच मिनिटांत ठरतं, त्यांची समीक्षा फारशी कुणी करत नाही. ‘ती तर जाहिरात’ असं म्हणून आपण विषय संपवतो. आमचं म्हणणं असं की जाहिरात आहे म्हणूनच ती तपासावी. तिच्यात एक अनुमान दडलेलं असतं. ते अनुमान आपण करतो, आणि तिकीटही आपणच काढतो.

आधी शब्दाकडे बघू. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारं. ट्रकला मागे जोडतात तोही ट्रेलरच. सुरुवातीच्या काळात आगामी चित्रपटाचे तुकडे मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. चित्रपट संपला की लोक उठून घरी जाणार, हे लवकरच ध्यानात आलं आणि शेपूट पुढे आणलं गेलं. नाव मात्र मागचंच राहिलं. आपल्या नाट्यपरंपरेत ही गोष्ट मुळातच पुढे होती. नाट्यशास्त्रात पूर्वरंगाचं एक अंग म्हणून ‘प्ररोचना’ सांगितली आहे. प्ररोचना म्हणजे प्रेक्षकाच्या मनात रुची उत्पन्न करणं. ‘रत्नावली’चा सूत्रधार येतो आणि सांगतो की कवी निपुण आहे, समोरची सभा गुणग्राही आहे, कथा लोकांना आवडणाऱ्या वत्सराजाची आहे, आणि आम्ही मंडळी प्रयोगात तरबेज आहोत. लेखक, प्रेक्षक, कथा, नट, चौघांचंही कौतुक एका श्लोकात उरकलं. आजच्या ॲक्शन ट्रेलरने यातलं नटाचं कौतुक तेवढं घट्ट धरून ठेवलं आहे. लेखकाचं नाव शेवटच्या पाटीवर, वाचताही येणार नाही अशा बारीक अक्षरात. प्रेक्षकाच्या गुणग्राहकतेबद्दल तर न बोललेलंच बरं.

पण या ट्रेलरपाशी सूत्रधाराकडे नव्हतं असं एक साधन आहे, ते म्हणजे आवाज. एक प्रयोग करून बघा. मोबाइल उलटा ठेवा आणि एखाद्या ॲक्शनपटाचा ट्रेलर नुसता ऐका. भाषा येत नसली तरी चालेल, कोरियन घ्या, तेलुगू घ्या. पहिली पंधरा-वीस सेकंदं शांतता. वारा, पावलं, कुठेतरी दूर एखादा सूर, एक दबका आवाज काहीतरी सांगतोय. मग एक जड ठोका. मग ठोके जवळजवळ येऊ लागतात, त्यांच्यावर आरडाओरडा, काचा, गाड्यांचे ब्रेक. सगळं टिपेला जातं आणि एकदम थांबतं. त्या शांततेत नायक एक वाक्य बोलतो. मग पुन्हा धडाका, चित्रपटाचं नाव, तारीख. आणि आपण उठणार एवढ्यात एक शेवटचा फटका किंवा विनोद. चित्र न बघताही आपण सांगू शकतो की हा ॲक्शनपट आहे, आणि आता नायक बोलणार. तमाशात गण झाला की गौळण येणार, हे जसं मागच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असतं, तसंच हे.

ही रचना आपोआप झालेली नाही. पूर्वी हॉलिवुडच्या ट्रेलरमध्ये निवेदक असे. डॉन लाफाँटेन या माणसाने हजारो ट्रेलरना आवाज दिला; ‘अशा एका जगात…’ या थाटाची त्याची सुरुवात इतकी रूढ झाली की पुढे तिच्या नकला होऊ लागल्या. 2008 साली तो गेला. तोवर निवेदकाची पद्धतही मागे पडत चालली होती. त्याची जागा संगीताने आणि आघाताने घेतली. 2010 च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरमधला तो पितळी वाद्यांचा, छातीत घुमणारा भोंगा आठवा, पुढची कितीतरी वर्षं तो भोंगा ज्याच्या-त्याच्या ट्रेलरमध्ये ऐकू येत राहिला. आपल्याकडे तर चित्रपट कानाने विकण्याची सवय जुनीच आहे. विविध भारतीवर चित्रपटांचे प्रायोजित कार्यक्रम लागत. संवादांचे आणि गाण्यांचे तुकडे ऐकवून निवेदक असं काही कुतूहल जागवायचा की पडद्यावरचं चित्र आपणच डोक्यात तयार करायचो. फरक एवढाच की तो निवेदक निदान काहीतरी सांगत असे. आताचा ठोका काही सांगत नाही, तो नुसता खूण करतो.

खूण म्हटलं की आम्हाला न्यायशास्त्राकडे वळावंच लागतं. डोंगरावर धूर दिसतो आणि आपण म्हणतो, तिथे अग्नी आहे. धूर हे लिंग, म्हणजे खूण. अग्नी हे साध्य. आणि जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही दोघांची व्याप्ती. ट्रेलर बघताना आपण हेच करतो. स्फोटाकडे पाठ करून संथ चालणारा माणूस हा धूर. कमरेखालून वर सरकत, चेहरा शेवटपर्यंत न दाखवणारा कॅमेरा हा धूर. टोळीतल्या एकेकाच्या चेहऱ्यावर थांबणारी चौकट, पिस्तुलाचा खटका ओढल्याचा तो मोठ्ठा केलेला आवाज, हा सगळा धूर. त्यावरून आपण अनुमान करतो की शुक्रवारी थिएटरात आग लागलेली असणार. आणि पुष्कळदा ती असतेही, नाहीतर ही सवय इतकी पक्की झाली नसती.

मात्र स्वयंपाकघरातला धूर कुणी मुद्दाम रचत नाही. ट्रेलरमधला धूर रचलेला असतो. ट्रेलर बहुतेक वेळा दिग्दर्शक कापत नाही. त्याचा धंदा करणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात, आणि पुष्कळदा चित्रपटाचं संकलन पुरं व्हायच्या आधीच त्यांच्या हाती कच्ची दृश्यं येतात. म्हणून ‘रोग वन’ (2016) च्या ट्रेलरमध्ये नायिका उंच मनोऱ्यावर शत्रूच्या विमानासमोर उभी राहिलेली दिसते, आणि चित्रपटात ते दृश्य सापडतच नाही. अशा ठिकाणी व्याप्ती फक्त रूढीने बांधलेली असते. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे खूण आहे पण तिने साध्याची साथ सोडली आहे, तो इथे केव्हाही घडू शकतो.

आता मुख्य मुद्दा. ॲक्शन म्हणजे कृती. कृतीचा विचार करताना आपण तीन गोष्टी बघतो : ती कशासाठी केली, काय केलं, आणि त्याचं काय झालं. हेतू, कर्म, फल. ॲक्शन ट्रेलरचे सगळे संकेत हेतू आणि फल या दोन टोकांना कात्री लावतात आणि मधलं कर्म तेवढं उचलतात. ‘केजीएफ चॅप्टर 2’चा टीझर जानेवारी 2021 मध्ये आला आणि घरोघरी मोबाइलवर फिरला. त्यात काय आहे? रॉकी एका अजस्र मशीनगनने गोळ्यांचा पाऊस पाडतो, पोलिसांच्या जीपा हवेत उडतात, आणि मग तो शांतपणे बंदुकीच्या तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. चित्रण म्हणून हे झकास आहे, यात वाद नाही. पण बघा, एवढ्या गोळीबाराचं फल म्हणून आपल्याला काय दाखवलं? पेटलेली सिगारेट. एखादा मेलेला हवालदार नाही, त्याची बायको नाही. आणि हेतू येतो तो आईला दिलेल्या वचनाच्या उल्लेखापुरता. त्या वचनाचं ओझं, गरिबीत मेलेल्या आईचं ते मागणं मुलाला कुठे घेऊन जातं, हे सगळं चित्रपटात आहे. चांगलं आहे की वाईट, ते वेगळं. टीझरमध्ये त्याची झाली एक पाटी.

याला फक्त रुची जबाबदार नाही, व्यवस्थाही जबाबदार आहे. अमेरिकेत सर्वांना दाखवायच्या ट्रेलरच्या आधी हिरवी पाटी येते. ती मिळवायची तर रक्त, जखमा यांवर कात्री चालते, कारण तोच ट्रेलर मुलांच्या चित्रपटाआधीही लागू शकतो. आपल्याकडे थिएटरात दाखवायचा ट्रेलर सेन्सॉर बोर्डाकडे जातो. मुलांना रक्त दाखवू नये, हे ठीकच. पण परिणाम काय होतो? गोळी सुटते ते दाखवायला परवानगी, लागते ते दाखवायला नाही. त्यात वेळही कमी. 2014 साली अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या संघटनेने ट्रेलर दोन मिनिटांतच संपवा असा आग्रह धरला. मग दोन मिनिटांत काय ठेवणार? वार ठेवणार. जखम भरायला वेळ लागतो, ती दाखवायलाही लागतो. अशी पिढ्यानपिढ्या सवय झाली की बिनजखमेचा वार हीच ॲक्शनची ओळख होऊन बसते. आम्हाला याचीच जास्त काळजी वाटते. हिंसा दाखवतात म्हणून ओरड करणारे पुष्कळ आहेत. हिंसेतला दुखण्याचा भाग वजा करून ती दाखवली जाते, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

संकेत चित्रपटाच्या विरुद्धही जाऊ शकतात. ‘टर्मिनेटर 2’ (1991) आठवा. जेम्स कॅमेरॉनने सुरुवातीचा भाग फार विचाराने रचला आहे. भविष्यातून दोघे आले आहेत. दोघेही एका मुलाला शोधताहेत. पहिल्या भागात श्वार्झनेगर मारेकरी होता, तेव्हा आताही तोच मारायला आला असणार असं आपण धरून चालतो. दुसरा तर पोलिसाच्या गणवेशात, सभ्य दिसणारा. मॉलमधल्या त्या अरुंद बोळात दोघे मुलाच्या दोन्ही बाजूंनी येतात, गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघते, आणि पुढच्या क्षणी कळतं की हा मारायला नाही, वाचवायला आला आहे. विश्वास कुणावर ठेवावा, या प्रश्नाचा हा सगळा खेळ. आणि ट्रेलरने हे आधीच सांगून टाकलं! का? कारण ॲक्शनपटाच्या ट्रेलरचा पहिला नियम असा की स्टार कोणत्या बाजूला आहे ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे. श्वार्झनेगर तोवर नायक झाला होता. तो खलनायक असेल अशी शंका तिकीटखिडकीला परवडणारी नव्हती. म्हणून चित्रपटाने तासाच्या आत राखून ठेवलेलं गुपित संकेताच्या पायी गेलं. पुढे 2015 मध्ये ‘टर्मिनेटर जेनिसिस’च्या ट्रेलरने जॉन कॉनरचंच यंत्र झाल्याचं उघड केलं, तेव्हा दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी नाराजी बोलून दाखवली. दिग्दर्शकालाच आपल्या चित्रपटाचं गुपित जाहिरातीपासून वाचवता येत नाही, अशी ही स्थिती.

उलट बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर आम्ही सरसकट तोफ डागतोय असं होईल. त्याच वर्षी ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ आला. त्याच्या एका ट्रेलरमध्ये व्हर्दीच्या ‘रेक्विएम’मधला कयामतीच्या दिवसाचा तो समूहस्वर वापरला आहे, आणि त्यावर वाळवंटातून धावणाऱ्या, उलटणाऱ्या, पेटणाऱ्या गाड्या. बोलणं जवळजवळ नाहीच. हा ट्रेलर बघून जो माणूस गेला त्याला चित्रपटात तेच मिळालं, दोन तास. कारण जॉर्ज मिलरचा चित्रपटच एक लांबलचक पाठलाग आहे. तिथे हेतू आणि फल गाडी न थांबवता, धावता-धावताच सांगितले आहेत. तिथे धूर आणि अग्नी यांची साथ सुटत नाही. एक खोट मात्र तिथेही आहे. पहिल्या ट्रेलरमध्ये आवाज आणि ओळख मॅक्सची, आणि चित्रपट बघताना कळतं की गोष्ट फ्युरिओसा या बाईची आहे. संकेत सांगतो की ट्रेलरमध्ये बोलायचं ते पुरुष-नायकाने. तेवढा तो पाळला गेला.

आता कुणी म्हणेल, सर, एवढं काय, फसलो तर फसलो, तीनशे रुपये गेले. पण लोक या प्रश्नावर न्यायालयात गेले आहेत, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या घरचं आहे. 2016 च्या ‘फॅन’ची जाहिरात एका गाण्याने गाजवली, आणि ते गाणं चित्रपटात नव्हतंच. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च द्यायला सांगितला. राष्ट्रीय आयोगाने ते कायम केलं. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रेलर हा एकतर्फी असतो, त्याचा उद्देश तिकीट घ्यायला प्रवृत्त करणं एवढाच, तो स्वतः करारासाठीचा प्रस्ताव नव्हे. तिकीट घेणं हा वेगळा व्यवहार.

कायदा म्हणून आम्हाला हे पटतं. ज्यांनी मीमांसा थोडी वाचली आहे त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. वेदातली जी वाक्यं काही करायला सांगत नाहीत, नुसती स्तुती करतात, त्यांना मीमांसक अर्थवाद म्हणतात. अर्थवादाचं काम माणसाला विधीकडे प्रवृत्त करणं. त्यातलं प्रत्येक विधान अक्षरशः खरं आहे का, हे तपासत बसायचं नाही. ट्रेलर हा अर्थवाद, आणि ‘शुक्रवारी या’ हा विधी! जीप हवेत उडते तेव्हा आपण गाडीच्या वजनाचं गणित मांडत नाही, ते गौण अर्थाने घेतो. मीमांसक याला गुणवाद म्हणतील.

पण मीमांसकांची एक अट आहे, ती विसरू नका. अर्थवाद विधीशी जोडलेला असला पाहिजे. दोघांची मिळून एकवाक्यता व्हायला हवी. एका यज्ञाची स्तुती करून दुसऱ्याच यज्ञाला बसवणं चालणार नाही. 2011 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका प्रेक्षक बाईंनी ‘ड्राइव्ह’च्या वितरकांवर दावा लावला. ट्रेलर बघून त्यांना वाटलं की हा ‘फास्ट अँड फ्युरिअस’च्या जातीचा चित्रपट असणार; निघाला तो अबोल, संथ, गाड्या थोड्याच असलेला. लोक त्यांना हसले. दावा टिकला नाही, कारण ट्रेलरमधली दृश्यं खरोखरच चित्रपटात होती. आमच्या मते त्या बाईंची तक्रार ‘फॅन’च्या तक्रारीपेक्षा खोल होती. एखादं गाणं कमी-जास्त असणं हा मालातल्या नगाचा हिशोब झाला. इथे प्रत्येक नग जागेवर होता, पण त्यांच्या जोडणीने सांगितलेली जातच चित्रपटाची नव्हती. निकोलस विंडिंग रेफनच्या त्या चित्रपटात हिंसा येते ती फलासकट येते. लिफ्टमधल्या त्या प्रसंगानंतर नायिका मागे सरकून नायकाकडे ज्या नजरेने बघते, ती नजर म्हणजे कृतीचं फल. ट्रेलरच्या व्याकरणात त्या नजरेला जागा नाही.

कॅलिफोर्नियातही एक खटला झाला. ‘यस्टरडे’ या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एक अभिनेत्री दिसली आणि चित्रपटातून तिची भूमिका कापलेली निघाली. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ट्रेलर ही व्यापारी जाहिरात आहे, दिशाभुलीचा कायदा तिला लागू होऊ शकतो, असं म्हटलं. पण सोबत हेही की, प्रश्न एखादी अभिनेत्री वा दृश्य चित्रपटात आहे की नाही एवढ्यापुरताच. पुढे तो खटलाही निघाला. म्हणजे इकडे काय, तिकडे काय, न्यायालय फार तर नग मोजू शकतं. ते योग्यच. जातीची, रसाची तक्रार न्यायाधीश कशी ऐकणार? ती समीक्षकाने ऐकायची असते, आणि समीक्षक ट्रेलरकडे बघतच नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने शेवटी दोन ओळी एवढ्या लिहाव्यात की ट्रेलरने कुठला चित्रपट दाखवला होता आणि प्रत्यक्षात कुठला निघाला. तारे द्यायचे असतील तर त्याचेही द्या.

जाता जाता आपल्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांबद्दल. हेही ॲक्शनपटच, तलवारींचे. ‘पावनखिंड’ 2022 साली आला. त्याचा ट्रेलर कापणाऱ्यापुढे वेगळीच अडचण होती. बाजीप्रभू खिंड लढवणार, विशाळगडावरून तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत प्राण धरून ठेवणार, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक. लपवायला काही नाही. आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगणं, याला मीमांसक अनुवाद म्हणतात, तोही अर्थवादाचाच प्रकार. अशा ट्रेलरला ‘पुढे काय’ हे कुतूहल विकता येत नाही; लोक येतात ते ठाऊक असलेलं पुन्हा, चारचौघांत बसून बघायला, आरोळीत आरोळी मिसळायला. आणि हेतू, फल ही दोन्ही टोकं प्रेक्षक स्वतःच घरून घेऊन येतो : राजे गडावर पोचले पाहिजेत, आणि बाजी परत येणार नाहीत. त्यामुळे ट्रेलरने नुसती तलवार दाखवली तरी जखम बघणाऱ्याच्या मनात असते. तरीही ढोल-ताशा, संथ गतीत उडणारी धूळ, पाठमोरा मावळा हा सगळा धूर तिथेही हिंदी ॲक्शनपटांसारखाच रचला जातो. ज्या कथेतलं मरण प्रत्येकाला पाठ आहे, तिला या उसन्या धुराची गरज का भासावी, हे आम्हाला अजून नीट उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी ट्रेलर कापण्याच्या धंद्यात असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.